पाळण्याआधी फोनने घेतलेलं नाव

आधीच सांगते, भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांना हसणारी बाई आहे मी. शिरूरला राहते, जवळच्याच एमआयडीसीत क्वालिटी डिपार्टमेंटला आहे. मापाच्या गेजमध्ये बसला नाही की पार्ट रिजेक्ट, एवढंच माझं अध्यात्म. आणि हे मी घाबरून लिहीत नाहीये. संतापून लिहितेय.

गेल्या वर्षी मी आणि नवऱ्याने नवे फोन घेतले. दुकानदार म्हणाला, "ताई, हे सिक्युरिटी ॲप टाकूनच घ्या. फ्रॉड लई वाढल्यात. फॅमिली प्लॅन हाय, दोघांचं एकातच बसतंय." आणि त्यानेच भराभर परवानग्या देऊन टाकल्या... कॉन्टॅक्ट, फोटो, माइक, लोकेशन. मी म्हटलं, "अहो, वाचू तरी द्या." तर म्हणे, "कुणीच वाचत न्हाई, ताई." राखणदार ठेवला आणि घरातल्या सगळ्या किल्ल्या त्याच्याच हातात दिल्या. ही माझी चूक, मान्य. पण पुढे जे झालं ते त्या किल्ल्यांनीही उघडणारं नव्हतं.

सहा वर्षांपूर्वी दौंडच्या एका दवाखान्यात मला सातव्या महिन्यात मुलगी झाली. जिवंत नव्हती. मला दाखवलीसुद्धा नाही. नवरा एकटाच तिला घेऊन गेला आणि मातीआड करून आला. कुठे, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. तिचं एक नाव मी मनात ठरवलं होतं. तेही मी कुणाला सांगितलं नाही, नवऱ्यालाही नाही. कधी कागदावर लिहिलं नाही, टाइप केलं नाही, देवापुढेसुद्धा उच्चारलं नाही.

यंदा केंदूरला माझ्या भावाला मुलगी झाली. बारशाला नाव ठेवायचा मान आत्याचा, म्हणजे माझा. आमच्याकडे आत्या ते नाव आधी कुणाला कळू देत नाही. पाळण्यात वाकून बाळाच्या कानात सांगते, मग सगळ्यांना. मी माझ्या लेकीचंच नाव ठेवणार होते. ते एकदा तरी मोठ्याने घेतलं जावं, त्या नावाला कुणीतरी ओ द्यावी, एवढीच हाव होती मला.

रविवारची दुपार. घरात बायका, बाहेर मांडवात पुरुष मंडळी. मी पाळण्यात वाकले, बायकांनी रिवाजाप्रमाणे माझ्या पाठीत धपाटे घालायला सुरुवात केली, आणि माझ्या पर्समधला फोन टिणटिणला. त्याच क्षणी बाहेर नवऱ्याचाही. फॅमिली प्लॅन ना! आणि नवरा मांडवातून ओरडले, "अगं, ही —— कोण गं?"

तेच नाव. मी इथे लिहिणार नाही, आधीच नको तितक्यांनी ऐकलंय.

धपाटे थांबले. मावशी हसून म्हणाली, "आगं, बाळाच्या आधी मोबाईलला सांगून ठिवलंस व्हय नाव?" सगळ्या हसल्या. मला ते नाव घेववलं नाही. बाळाच्या कानात मी काय बोलले, तर 'वैशाली'. माझ्या शाळेतल्या एका मुलीचं नाव, तोंडात आलं ते. वहिनीला आवडलं. घुगऱ्या वाटल्या गेल्या. मी न्हाणीघरात जाऊन फोन उघडला.

'कुटुंबात नवीन सदस्य. ——. वय ६ वर्षे. सुरक्षित आहे. ठिकाण: दौंड.'

परत येताना नवऱ्याने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. फोनवरचा नकाशा माझ्यापुढे धरला. नदीकाठी एक निळा ठिपका.

"तुला ही जागा कुणी दावली?"

"कसली जागा?"

"माझ्याशिवाय कुणालाबी ठाव न्हाई. मीबी परत कवा तिकडं गेलो न्हाई." त्यांनी ठिपक्यावरच्या नावावर बोट ठेवलं. "आन् हे नाव कुणाचं हाय?"

तेव्हा मी सांगितलं. सहा वर्षांत पहिल्यांदा. नाव फक्त मला माहीत, जागा फक्त त्यांना, आणि त्या मेल्या ॲपने दोन्ही एका ओळीत लिहून पाठवलं! आमच्या लेकीबद्दल आम्ही नवरा-बायको जे एकमेकांना सांगू शकलो नाही, ते सांगायचा अधिकार याला कुणी दिला?

सोमवारी कस्टमर केअरला फोन केला. अर्धा तास गाणं ऐकवलं, मग एक मुलगी गोड आवाजात म्हणाली, "मॅडम, हमारे पास वही डेटा होता है जो आप देते हैं." मी काय दिलं? कधी दिलं? मनात असलेल्या गोष्टीची परवानगी कोणत्या बटणावर मागितली होती तुम्ही? मी इतकी ओरडले की शेजारीण दारात आली. शेवटी त्या कस्टमर केअरच्या मुलीने सदस्य काढून टाकायचा एक फॉर्म पाठवला.

फॉर्म उघडला. पहिलाच प्रश्न: 'हा सदस्य अठरा वर्षांखालील आहे. तुम्ही तिची आई आहात का?'

दवाखान्यात मला कुणी आई म्हटलं नाही. सासरी, माहेरी, कंपनीत... सहा वर्षांत हा प्रश्न मला एकाही माणसाने विचारला नव्हता. मी 'हो' दाबलं.

पुढचा प्रश्न आला: 'कायमचं काढून टाकायचं?'

कंपनीत नापास पार्टचं कारण सापडेपर्यंत मी लाइन सुरू होऊ देत नाही. इथे कारण सापडलेलं नाही. भावाने दोन्ही फोन उलटेपालटे करून पाहिले, त्यालाही काही कळलं नाही. 'सुरक्षित आहे' ही सूचना अजून रोज सकाळी येते. मी रोज त्या ॲपला शिव्या घालते. ते दुसरं बटण मात्र मी अजून दाबलेलं नाही.