परवानगी देणारे गृहस्थ

शेजारच्या निवृत्त अधिकाऱ्यांना दारावरचा विक्रेता कधी फसवू शकला नाही, "'विक्रेत्यांना मनाई' ही पाटी वाचता येते ना?" एवढे विचारून ते दार लावून घेतात. संगणकावर मात्र 'अपडेटला परवानगी द्याल का?' अशी खोटी चौकट उगवली, की सगळा मजकूर वाचून ते गांभीर्याने 'होय' दाबतात. पुन्हा बिघडला तर संगणक उचलून नेईन, अशी मुलाने तंबी दिली आहे.

काल चौकट माझ्यादेखतच उगवली.

"अहो, फसवणूक आहे ती. बंद करा," मी हळूच म्हणालो.

"तुम्हाला विचारलंय का तिने? मला विचारलंय. मुलाने घरातला सोफा विकला, तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं."

त्यांनी 'होय' दाबले. त्यांचा हात मला धरवला नाही. पडदा काळा पडला. संगणक आता जाणार होता. ते मात्र एखादे प्रकरण मार्गी लावल्यासारखे खुर्चीत रेलले.