आयसीयूत माणसं उठवताना

परवा पाठ दाखवायला एका तरुण डॉक्टरकडे गेले होते. एक्स-रे बघून त्यानं विचारलं, "आजी, पूर्वी जड वजनं उचलत होता का?"

म्हटलं, "हो की. माणसं!"

तो खो खो हसला. मी नाही हसले. हसलं की कळ येते.

हुबळीतल्या एका मोठ्या हॉस्पिटलात मी एकवीस वर्षं फिजिओथेरपिस्ट होते. या नोकरीत किस्से जमवावे लागत नाहीत. दिवसभर राबून धारवाडच्या बसमध्ये बसावं, डोळे मिटावे, आणि त्या दिवशीचा पेशंट आपला आपण बोलायला लागावा. तेव्हा वाटायचं, गप्प बसा रे, झोपू द्या! आता झोप येत नाही, तर सांगून टाकते.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. तोवर हार्ट अटॅक म्हणजे तीन आठवडे आडवं, कूस बदलायची नाही, हा कायदा. मग आमच्याकडे जोशी डॉक्टर आले. म्हणाले, "झोपून राहिलेल्या माणसाची छाती भरते, पाठीला जखमा होतात, पाय संपतात. तिसऱ्या दिवशी बसवा. झेपलं की उभं करा."

सांगणारे ते. उचलणार कोण? मी आणि यल्लप्पा. यल्लप्पा म्हणजे आमचा वॉर्डबॉय, वय पन्नास, मिशा पांढऱ्या, तरी वॉर्ड'बॉय'च!

*

पहिलंच गिऱ्हाईक धारवाडचे एक वकील निघाले. अटॅक येऊन तीन दिवस झालेले. मी म्हटलं, "अण्णा, आज पाय खाली सोडून बसायचं."

"कोणाच्या हुकुमानं?"

"जोशी डॉक्टरांच्या."

"लेखी आहे?"

मी केसपेपर आणला. त्यावर लिहिलं होतं, 'पेशंटला बसवणे.' वकीलसाहेबांनी चष्मा मागवला, दोनदा वाचलं आणि म्हणाले, "केव्हा, ते लिहिलेलं नाही." आणि डोळे मिटून घेतले!

मी जिना उतरून ओपीडीत गेले. डॉक्टरांनी पुढे लिहून दिलं, 'आत्ता.' पुन्हा जिना चढून वर. वकीलसाहेबांनी वाचलं, सुस्कारा सोडला, आणि आमच्या खांद्यांवर भार टाकून बसले. घाम फुटला होता, पण बसले. पाच मिनिटांनी म्हणाले, "तुमच्या डॉक्टरचं ड्राफ्टिंग फार कच्चं आहे."

*

नातेवाइकांचं काय सांगू! पेशंट उठवायला गेलो की असे बघायचे, जणू आम्ही गळ्यातली साखळीच ओढतोय. एक आत्याबाई तर पलंगासमोर आडव्या उभ्या. "आज अमावास्या. आज उठवायचं नाही म्हणजे नाही."

मला बोलायची ताकद नव्हती. सकाळपासूनचा सातवा पेशंट होता तो. यल्लप्पानंच शांतपणे विचारलं, "अक्का, अमावास्येला श्वास घेतलेला चालतो काय?"

आत्याबाई बाजूला झाल्या.

*

अळणावरकडच्या खेड्यातला एक गडी होता. धनुर्वात झालेला. महिनाभर नरड्यातून नळी, अर्धा वेळ औषधानं गुंगीत. बायको रोज व्हरांड्यात. जगेल असं आम्हां कुणालाच वाटलं नव्हतं. पण जगला.

नळी निघाली, भोक बुजलं. मग एके दिवशी मी आणि यल्लप्पानं त्याला दोन्हीकडून धरून उभं केलं. त्यानं खाली पाहिलं. बांबूच्या काठ्यांसारखे पाय, गुडघे तेवढे मोठे. बराच वेळ बघत राहिला. मग मला विचारलं, "इवु नन्न काल अल्ला. नन्नवु एल्लि अदाव?"

हे माझे पाय नव्हेत. माझे कुठं आहेत?

मला वाटलं, थट्टा करतोय. तोंडाकडे पाहिलं तर तो खरंच घाबरला होता. एवढा लाकडं फोडणारा माणूस! मी आपलं पाठ केलेलं बोलायला लागले, व्यायाम, दूध, अंडी. त्याच्या कानात काही शिरेना.

शेवटी बायकोला आत बोलावलं. तिनं काही विचारलं नाही, खाली बसली आणि त्याच्या डाव्या नडगीवर बोट ठेवलं. तिथं कुऱ्हाडीचा एक जुना वण होता. म्हणाली, "हा कुणाचा मग?"

त्यानं वण बघितला. मान हलवली.

"आतु," म्हणाला. "नडीरि." बरं. चला मग.

*

लॅमिंग्टन रोडवरच्या शाळेतल्या एक रिटायर्ड हेडमिस्ट्रेस पोटाच्या मोठ्या ऑपरेशननंतर आमच्याकडे आल्या. ड्यूटीवरची सिस्टर नेमकी त्यांची जुनी विद्यार्थिनी.

चौथ्या दिवशी बाईंना उभं केलं. टाक्यांवर उशी दाबून धरलेली, नाकात नळी, पाय लटलट कापताहेत, डोळे पांढरे व्हायला आलेले. मी ओरडले, "सिस्टर, खुर्ची!" सिस्टर बिचारी डबल ड्यूटीनं दमून भिंतीला टेकली होती. तेवढ्यात बाईंनी तिला पाहिलं. मान ताठ झाली, आवाज खणखणीत.

"सरोजा! सरळ उभी राहा!"

सिस्टर सरळ झाली. यल्लप्पा सरळ झाला. मीसुद्धा! आणि बाई आमच्या हातात कोसळल्या.

*

सगळेच किस्से हसायचे नाहीत.

कोप्पीकर रोडला कापडाचं दुकान असलेले एक गृहस्थ होते. अटॅकनंतर त्यांना पाचव्या दिवशी उभं केलं. खिडकीपर्यंत सहा पावलं चालले, बाहेर बघितलं, खूश झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी गेले.

मुलगा माझ्यासमोर येऊन उभा राहिला. "तुम्ही उठवलंत म्हणून गेले." एवढंच बोलला. मग त्यानं लेखी तक्रार केली. जोशी डॉक्टर म्हणत राहिले की हृदयाचा तेवढा भागच मेलेला होता, झोपून असते तरी गेले असते. मला ते पटत होतं आणि पटत नव्हतं. आजही तसंच आहे.

वरून हुकूम आला, महिनाभर कुणाला उठवायचं नाही. मी रिकामी बसून राहिले. खोटं कशाला बोलू, पहिले दोन दिवस पाठीला बरं वाटलं. महिना संपेपर्यंत तिघांच्या पाठीला जखमा झाल्या, एक म्हातारी छाती भरून गेली.

जोशी डॉक्टर मला म्हणाले, "अक्का, यांची तक्रार कुणी लिहिलेली नाही बघा."

दुसऱ्या दिवशी न विचारता यल्लप्पानं पलंगाचा कठडा खाली केला.

*

आता एकच सांगते. मग चहा टाका.

धारवाडचे एक रिटायर्ड हेडक्लार्क न्यूमोनियानं आयसीयूत होते. त्यांची बायको रोज सकाळच्या बसनं यायची आणि आयसीयूच्या दाराबाहेरच्या बाकावर संध्याकाळपर्यंत बसायची. भेटायच्या वेळेलाही आत येत नसे. आत यायचा तो मुलगा.

मी त्याला विचारलं, "आई आत का येत नाहीत?"

तो खाली बघत म्हणाला, "दोघं बोलत नाहीत. अकरा वर्षं झाली."

"का?"

"आम्हांला सांगितलेलं नाही."

हेडक्लार्क माणूस शिस्तीचा. रोज चालताना एकच प्रश्न, "दार किती पावलं?" सुरुवातीला तीन पावलांत दम लागायचा. मग पाच. मग नऊ. मला वाटायचं, घरी जायची घाई आहे.

एका सकाळी म्हणाले, "आज दारापर्यंत." मी एका बाजूला, यल्लप्पा दुसऱ्या बाजूला. फरशी गार, पाय अनवाणी. दोनदा थांबलो. दाराशी पोचलो तर म्हणाले, "अजून थोडं." आम्ही बाहेर आलो. ते थेट बाकापुढे जाऊन उभे राहिले, धापा टाकत.

बाईंनी वर पाहिलं नाही. त्यांच्या पावलांकडे पाहिलं.

"चपला कुठायत?"

"घरी राहिल्या."

बाईंनी वाकून स्वतःच्या पायातल्या चपला काढल्या, फिरवून त्यांच्यापुढे सरकवल्या. लहान होत्या, टाचा मागे राहिल्या. तरी त्यांनी घातल्या. आम्ही वळलो आणि बायकोच्या चपला घातलेल्या त्या माणसाला परत घेऊन निघालो.

चार-पाच पावलं गेलो असू. मागून आवाज आला,

"सांभाळून! डाव्या चपलेचा अंगठा तुटलाय!"