फ्लॉवरचा तुरा
फ्लॉवर शिजल्याचा वास आला की मला निमगाव सावाच्या शाळेत मी घेतलेला भूमितीचा एक तास आठवतो. सकाळी वडिलांनी शेतातला गड्डा कापून दिला होता, "लई दाट हाय, दाखव पोरांना." वर्गात मी त्याचा तुरा मोडला, मग त्या तुऱ्याचा लहान तुरा, आणि सांगितलं की प्रत्येक तुकडा अख्ख्या गड्ड्यासारखाच दिसतो, याला फ्रॅक्टल म्हणतात. तेवढ्यात शिपाई दारात आला. "सर, घरी चला. तुमचं वडील गेलं." मी तुरा खिशात टाकला. स्मशानातून येऊन अंघोळीसाठी सदरा काढला तेव्हा तो हाताला लागला. सुकला होता, तरी अख्ख्या गड्ड्यासारखाच दिसत होता. रडू आलं नाही. आता बायको फ्लॉवर मोडताना विचारते, किती बारीक करू, आणि मी एक तुरा उचलून त्याचा आणखी लहान तुरा मोडतो.