गाडीखालची कुत्री, तिसरा मजला

फ्लॅटमध्ये एक कुत्रं आणलं की आबा गावाकडं जायचं नाव काढणार नाहीत, असं पोराचं म्हणणं होतं. माझ्यासमोर तो हे बोलला नाही, स्वयंपाकघरात सुनेशी बोलला. पण बीडातल्या त्या फ्लॅटच्या भिंती अशा, की एका खोलीत खाकरलं तर दुसऱ्या खोलीत कळतं. मी ऐकलं आणि गप्प बसलो. गप्प बसायला मला त्या दुष्काळात काही कष्ट पडत नव्हते.

पाऊस लागोपाठ दुसऱ्या साली गेला होता. विहिरीचा तळ दिसायला लागला तेव्हा बैल चारा छावणीत नेले. छावणी बंद झाली तेव्हा ते घरी न आणता तिथूनच बाजाराला लावले. त्याच्या आधी माझी म्हातारी गेली होती. कुणी विचारलं की मी हे सगळं एका दमात सांगायचो, पाटोद्याच्या बाजारात ज्वारीचा भाव सांगावा तसं. रडू आलं नाही. लोकांना वाटायचं मी घट्ट आहे. मला काहीच वाटायचं नाही, एवढंच.

तर एका रविवारी सूनबाई फोन घेऊन माझ्याजवळ बसली. शिकलेली पोरगी. तिनं बसून सगळी माहिती काढली होती. फ्लॅटमध्ये कोणतं कुत्रं सुखानं राहतं, कोणतं भुंकतं, कोणाचे केस गळतात.

"आबा, हा बघा पग. लहान असतो, भुंकत नाही, फिरवायचा ताप नाही."

"याच्या तोंडावरून गाडी गेली काय?"

"तसंच असतं त्याचं."

"मग हे दम कुठून घेतं?"

पोरगा हसला. तिनं बोटानं पुढचं चित्र सरकवलं. सोनेरी रंगाचं, दांडगं कुत्रं. लॅब्राडोर म्हणे. स्वभावानं गरीब, पण जागा लागते, आणि त्याचं खाणं वेगळं, पिशवीत येतं.

"छावणीत माझ्या बैलांना चारा मोजून होता," मी म्हणालो. "आन् याला पिशवीतलं."

मग पांढरं, फुगलेलं एक आलं. ते लई भुंकतं, असं पोरानंच सांगितलं. शेजारी तक्रार करतील.

"तुमीच ठरवा आबा," तो म्हणाला. "कुत्रं तुमच्यासाठी हाय."

"आपली हाय की गावाकडं. तिला आणा."

पोरानं सूनबाईकडं पाहिलं. "आबा, ती गावठी हाय. रानात वाढलेली. तिसऱ्या मजल्यावर राहील का ती?"

"काहून राहणार न्हाई? तू राहिलास की. तूबी तिथंच वाढला."

मग मीच सौदा केला. ती इथं राहिली तर मीही राहीन. नाही राहिली तर मी गावाकडं जाईन आणि कुणी मला अडवायचं नाही. पोरानं मान हलवली. मी चौथीपर्यंत शिकलो, पण दिलेला शब्द फिरवला असं कुणी माझ्या तोंडावर म्हणू शकत नाही, हे त्याला ठाऊक होतं.

ती कुत्री कशी होती ते सांगतो. आम्ही दिवाळी झाली की ऊस तोडायला सहकारी कारखान्याला जायचो, बैलगाडी घेऊन. तोडीवाल्याचं कुत्रं गाडीखाली चालतं. पिल्लू असताना त्याला दोरीनं गाडीच्या आसाला बांधतात, दोन चाकांच्या मधोमध. सुरुवातीला ते फरफटतं, केकाटतं. मग चाल धरतं. पुढं दोरी सोडली तरी ते चाकांच्या बाहेर येत नाही. बाहेर ट्रक असतात, परक्या गावची कुत्री असतात. आत सावली असते. गाडी थांबली की ते तिथंच बसतं, गाडी निघाली की निघतं. त्याला हाक मारावी लागत नाही. म्हणून आमच्या कुत्रीला नावच नव्हतं. तिच्या आईला नव्हतं, आजीलाही नव्हतं. त्या आजीच्या वेळी माझं हे पोरगं गाडीखाली बांधलेल्या झोळीत झोपायचं आणि ती झोळीखाली. त्याला ते आठवत नाही.

लोक म्हणतात, गाडीखालच्या कुत्र्याला वाटतं गाडी आपणच ओढतो. ही म्हण करणारा कधी कारखान्याला गेला नसणार. कुत्र्याला तसलं काही वाटत नाही. ते चालतं.

भावकीतल्या एकानं तिला टेम्पोतून आणून सोडलं. लिफ्टचं दार उघडलं तशी ती मागं सरली, म्हणून आम्ही दोघं जिन्यानं चढलो. दर मजल्यावर दम खाल्ला, तिनंही आणि मीही. घरात शिरली, इकडं तिकडं पाहिलं नाही, सरळ जेवणाच्या टेबलाखाली गेली आणि चार पायांच्या मधोमध बसली. दिवसभर हलली नाही. भुंकली नाही. मी खाली नेईपर्यंत घाण केली नाही.

संध्याकाळी सूनबाई नातीला शेजारी घेऊन, वाकून तिच्याकडं बघत म्हणाली, "आबा, ही तर पगपेक्षा शांत आहे."

"ते फोनातलं सगळं परत वाच बरं," मी म्हणालो. "भुंकत न्हाई, जागा लागत न्हाई. वाच वाच."

तिनं हसत हसत खरंच वाचलं. त्या वर्षात मला जे थोडंफार बरं वाटलं असेल ते तेव्हा.

मग सोसायटीचे चेअरमन आले. चांगला माणूस, पण नियमाचा. रोज सकाळी ट्रॅक्टरमागं टँकर यायचा आणि तेवढ्यावर सगळी बिल्डिंग चालायची. ते म्हणाले, "आजोबा, पाळीव कुत्र्याला आमची हरकत नाही. पण हे रस्त्यावरचं दिसतं. शिवाय पाणी नाही. याच्या अंघोळीला पाणी कुठून आणायचं?"

"तुमची संस्था सहकारी ना?"

"हो, सहकारी गृहनिर्माण."

"कारखानाबी सहकारीच होता. तिथं हिच्या तीन पिढ्या चालल्या, कुणी हरकत घेतली न्हाई. आन् अंघोळ म्हणाल तर हिनं जन्मात केली न्हाई. हिच्या वाटणीचं पाणी तुमी वापरा."

पार्किंगमध्ये जमलेले लोक हसले. लिफ्टमध्ये न्यायचं नाही, एवढ्यावर मिटलं. वर येताना पोरगा म्हणाला, "आबा, जिंकलात." मी मिशीवरून हात फिरवला.

आता पुढचं. दुसऱ्या सकाळी मी तिला खाली नेऊन फाटकाजवळ खुर्चीवर बसलो. टँकर आला, खालच्या हौदात पाणी सोडू लागला. ती उठली आणि टँकरच्या टाकीखाली, दोन चाकांच्या मधे जाऊन बसली. वरून पाणी ठिबकत होतं, खाली ओल होती, सावली होती. मी मनात म्हणालो, हिला जागा सापडली. बरं झालं.

नळी गुंडाळून ड्रायव्हरनं ट्रॅक्टर चालू केला. ती उभी राहिली. ट्रॅक्टर निघाला तशी ती निघाली, चाकांच्या मधोमध, मान खाली घालून, कारखान्याच्या वाटेवर चालायची त्याच चालीनं. फाटकातून गेली. रस्त्याला लागली. मी उठलो. हाक मारायला तोंड उघडलं, पण काय म्हणून हाक मारणार? "ए" म्हणालो. "थांब" म्हणालो. तिला हे शब्द कधी लागलेच नव्हते. वळणापर्यंत तिचे पाय दिसत होते.

पोरानं मोटारसायकल काढून गल्ल्या पालथ्या घातल्या. दुसऱ्या दिवशी ड्रायव्हरच म्हणाला, "बाबा, ती पिवळी कुत्री तुमची व्हय? माझ्या टाकीखाली चालत चालत पार टँकर भरायच्या विहिरीपर्यंत आली की. तिथंच हाय."

"चल बे, मला घेऊन चल," मी म्हणालो आणि खिशात दोरी घातली.

शहराबाहेरच्या विहिरीवर टँकरांची रांग लागली होती. ती एकाच्या खाली बसलेली. मी वाकलो. तिनं मला ओळखलं, शेपटी मातीवर आपटली. पण बाहेर आली नाही. टाकी भरली, ट्रॅक्टर निघाला, ती त्याच्या खालून निघाली. थोड्या वेळानं दुसरा रिकामा टँकर परत आला, त्याच्या खालून ती परत आली आणि रांगेत बसली.

"बांधा की बाबा," ड्रायव्हर म्हणाला. "दोरी आणलीय ना?"

"आणलीय."

"मग?"

"राहू दे. घरी नेऊन टेबलाखाली बसवायची. टेबल काय चालणार हाय?"

मी त्याच ट्रॅक्टरवर बसून परत आलो. दोरी खिशातच होती.

रात्री जेवताना पोरगा माझ्या तोंडाकडं बघत होता. सौदा त्यालाही आठवत होता. कुत्री राहिली नाही, म्हणजे मी जायचं. माझाच शब्द. सकाळी पिशवी भरली. दोन धोतरं, चष्मा. भरली आणि तिच्या शेजारी बसलो. गावाकडं जाऊन दावणीला काय बांधायचं, याचा विचार करून पाहिला. विचारसुद्धा आला नाही. आत नुसतं कोरडं होतं.

सूनबाई चहा घेऊन आली. पिशवीकडं बघून दारातच थांबली.

"ते तोंड चेपलेलं दाखव," मी म्हणालो.

"पग?"

"हां. त्यानं कधी गाडी पाहिली न्हाई ना?"

"नाही आबा. कुठून पाहणार?"

"मग तेच आणा."

तिनं पिशवीतली धोतरं कपाटात ठेवली. शब्द फिरला तो तेवढाच एकदा. पोरगा त्यावर आजवर बोलला नाही. मीही बोललो नव्हतो, आता लिहिलं.

पग आला. झोपेत घोरतो. त्याला नाव आहे, नातीनं ठेवलं, हाक मारली की येतो. फ्लॅटसाठी चांगला आहे, सूनबाईनं वाचलं होतं तसाच. सकाळी टँकर आला की मी त्याला काखेत घेऊन गॅलरीत उभा राहतो. टाकीखाली कधी ती असते, कधी नसते. असली तर पाणी उतरेपर्यंत बसते, मग टँकर निघाला की निघते. मी खाली जात नाही.