कापसाच्या पातीवरचं स्पॅनिश गाणं

मी मानवतला शाळेत विज्ञान शिकवते. आमच्या घरात देव्हारा नाही, उपासतापास नाही. कुणी भुताखेतांचं सांगायला लागलं की मी सरळ उडवून लावते. त्यामुळे हे लिहिताना माझीच मला लाज वाटतेय... तरी लिहिते.

आमचे मिस्टर मालवाहू जहाजावर फिटर होते. सोबतच्या पेरू देशातल्या एका माणसानं त्यांना एक स्पॅनिश गाणं शिकवलं — बायकोपासून लांब पडलेल्या माणसाचं. रविवारी फोनवर मला एकच कडवं म्हणून दाखवायचे, तेही त्यांच्या आईला चोरून. 'कोरासोन' म्हणजे काळीज, एवढंच मला कळायचं. आणि दुसरं कडवं? "ते घरी आल्यावर, समोर बसून." लय नखरे!

मागच्या दिवाळीनंतर त्यांनी सांगितलं, सुट्टी पुन्हा लांबली. तिसऱ्यांदा! माझं डोकंच फिरलं. "मग येऊच नका," मी म्हणाले आणि फोन कट केला. पुढच्या रविवारी सकाळपासून त्यांचे चार कॉल आले. एकही उचलला नाही.

त्या दिवशी मी सासरी, राणीसावरगावला होते. आमच्या शेतात कापसाची वेचणी चालू होती. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, पहिल्या पातीला, म्हणजे वेचणाऱ्या बायकांच्या ओळीत सगळ्यांत पुढं. लिहिता-वाचता येत नाही, फोनला हात लावत नाहीत. वेचताना त्या गाणं सांगतात आणि बाकीच्या बायका मागून झील धरतात, ही रीतच आहे. दुपारी दोनच्या सुमारास मी भाकरी घेऊन बांधावर पोचले तर... तेच गाणं! स्पॅनिश! मागून चौघीजणी बिनधास्त झील धरायल्या. शब्द कळो न कळो, ओळ सोडायची नाही.

पहिलं कडवं संपलं, पण त्या थांबल्या नाहीत. दुसरं सुरू झालं... मी कधीच न ऐकलेलं. मी मोबाईलवर रेकॉर्ड केलं.

"आत्याबाई, हे कुठं शिकलात?"

"शिकायचं काय त्यात? नेहमीचंच म्हणायलेय की."

संध्याकाळी कंपनीचा फोन आला. हार्ट अटॅकनं ते गेले होते. तेव्हा आपल्या घड्याळात दुपारी दोन वाजून दहा मिनिटं झाली होती.

महिन्याभरानं त्या पेरूच्या माणसानं फोन केला, तेव्हा त्याला रेकॉर्डिंग ऐकवलं. तो रडायलाच लागला. दुसरं कडवं शब्दन् शब्द बरोबर होतं. मोडक्या इंग्रजीत त्यानं अर्थ सांगितला — तू बोलावशील तेव्हाच दारात येईन.

मी हे आत्याबाईंना सांगितलं.

"बायकोचं गाणं माझ्या तोंडात कशाला घातलं गं लेकानं? तू तर तिथंच हुतीस, बांधावर."

एका अडाणी बाईच्या तोंडी ते शब्द कसे आले, हे मला आजही सांगता येत नाही. पण त्यांच्या प्रश्नाचं उत्तर मला माहीत आहे, आणि ते मी त्यांना दिलेलं नाही. मी येऊ नका म्हणाले होते. म्हणून ते आईकडं गेले.