शो सुटल्यावर पार्किंगमधला न्याय

आणि हो, पिक्चरमध्ये हिरोनं कोर्टाची वाट न बघता गुंडाला संपवलं, त्या सीनला मीबी शिट्टी मारली.

पण आज जालन्यात त्याच पिक्चरचा शो सुटला अन् पार्किंगमध्ये एकजण ओरडला, "माझी गाडी नेऊन राह्यला! पकडा!" पब्लिकनं एका काकांची कॉलर धरली, दोन ठेवूनबी दिल्या.

"अरे, माझीच गाडी हाय! चावी लागली ना बराबर!" काका सांगत होते.

जुन्या गाडीची झिजलेली चावी दुसरीलाबी लागते. नीट बघितलं, तर काकांची तशीच काळी गाडी बाजूलाच उभी होती.

मंग सगळे आपापल्या गाड्या काढून निघाले. काका फुटलेला ओठ पुसत उभे.

पिक्चरमधला हिरो कधीच चुकीच्या माणसाला मारत न्हाई. एकदा मारलेलं दाखवलं, तर तुम्ही तो पिक्चर बघाल का?