जाळीचं दार

प्राण्यांच्या संस्थेच्या मुलीनं तिला आमच्या अंगणात उतरवलं, तेव्हा ती उभीच राहिना. पिल्लांच्या धंद्यासाठी पाच वर्षं जाळीच्या पिंजऱ्यात ठेवलेली लॅब्रॅडॉर, मातीवर पाय टेकवायचीच सवय नव्हती. पंधरा दिवसांत रुळली तर आमची, नाहीतर परत संस्थेत, म्हणजे पुन्हा जाळीमागेच. मुलीनं हे जातानाच सांगितलं.

पहिला आठवडा ती वॉशिंग मशीनमागून हललीच नाही. भाकरी-दूध आम्ही लांब गेल्यावरच खायची. आमचे हे सैन्यातून निवृत्त झालेले सुभेदार. घरात चपलासुद्धा यांना रांगेत लागतात. म्हणाले, "तिला सोताचा क्वार्टर पायजे." चार दिवस खपून अंगणात पक्की खोली बांधली, वर पत्रा घातला, आत गोधडी अंथरली. हवा खेळती राहावी म्हणून लोखंडी जाळीचं दार बसवलं, त्याला हिरवा रंग दिला. माझ्या स्वयंपाकघरातला नळ दोन वर्षं गळतोय, ते सोडा.

तिला कसंबसं अंगणात आणलं. यांनी बोट दाखवून "आत!" म्हटलं, आणि ती सरळ चालत आत गेली.

"बघितलंस? ह्याला म्हंत्यात शिस्त!"

"आवं, तुमच्या पोरांपेक्षा शानी हाय," मी हसले.

आत जाऊन ती भिंतीकडे तोंड करून, मान खाली घालून उभी राहिली. बसेना. मागचे पाय थरथरत होते. मी लगेच संस्थेच्या मुलीला फोन लावला. ती म्हणाली, "काकू, पिंजऱ्यात नर आणला की तिथल्या माद्यांना असंच उभं राहावं लागायचं."

मी ते यांना सांगितलं. हे पायरीवर बसले. माझ्या हसण्याची मलाच लाज वाटली. थोड्या वेळानं यांनी पाना आणला आणि दार बिजागरीसकट उतरवून भंगारवाल्याला देऊन टाकलं.

त्यानंतर रोज सकाळी हे भाकरीची ताटली घेऊन अंगणात खाली बसायचे. हाक नाही, हुकूम नाही. एका जागी दहा मिनिटं न टिकणारा माणूस, तासभर बसायचा. ताटली रोज वीतभर जवळ यायची.

पंधराव्या दिवशी मुलगी व्हॅन घेऊन आली. कुत्री उन्हात यांच्या पायाशी पसरली होती. व्हॅन बघून यांचा जीव खालीवर झाला असावा, कारण सवयीनं तोंडून निघालंच, "आत चल!"

तिनं डोळे वर करून पाहिलं. मग यांच्या बुटावर हनुवटी टेकली आणि डोळे मिटले.

"ऐकत न्हाई बघ," हे म्हणाले. "आजाबात ऐकत न्हाई आता!"

उभ्या जन्मात हुकूम मोडला म्हणून इतका खूश झालेला माणूस मी पाहिला नाही. बूट न हलवता यांनी मुलीकडे हात पुढे केला.

"आण ते कागद. सही कुठं करायची?"